आधी गणपती, मग पॉलिश

*"काका, नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा सासऱ्यांचं लिहायचं टेबल आम्ही कोथरूडच्या फ्लॅटवर आणलं. सागवानी आहे, वरची फळी पाच फूट बाय अडीच. पायांवर पानशेतच्या पुराची रेघ अजून दिसते. नातवाने गृहपाठ करता करता कर्कटकाने त्यावर चार-पाच गोल काढलेत, आणि एक ओरखडा चांगला हातभर लांब आहे. शिवाय गरम पातेल्याचं पांढरं कडं, समईच्या तेलाचा डाग आणि मनीप्लँटच्या लोखंडी स्टँडने उमटवलेलं काळं वर्तुळ. मुलाने व्हिडिओ बघून एका कोपऱ्यात पॉलिश पेपर मारला, तिथे तळहाताएवढा पांढुरका चट्टा पडलाय. आता तो म्हणतो, सरळ वरून सनमायका लावू. एक फर्निचरवाला म्हणतो, मशीन फिरवून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) करून देतो, नव्यासारखं होईल. मला ते घरीच दुरुस्त करायचंय. आमचा गणपती याच टेबलावर बसतो आणि त्याला आता पंधराच दिवस राहिलेत. काय काय आणू, कुठून सुरुवात करू?"*
*— एक वाचक, कोथरूड*

मला काका म्हणालात, पण तुम्हाला शाळेत जाणारा नातू आहे म्हणजे आपण एकाच वयाचे. मी तुम्हाला वहिनी म्हणतो.

तर वहिनी, सुरुवात मुलाच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेण्यापासून करा. फेकू नका, माळ्यावर ठेवा. दिवाळीनंतर लागेल. सनमायकाचा विषय मात्र तिथेच संपवा. साठहून जास्त वर्षं मुरलेल्या सागवानावर सनमायका म्हणजे पैठणीला प्लास्टिकचं कव्हर शिवण्यासारखं आहे, आणि ते शिवलेलं उसवताही येत नाही.

पंधरा दिवसांत पॉलिश करू नका. माझी टाळाटाळ समजू नका, कारण हवा आहे. जुन्या टेबलावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं. स्पिरिट भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत त्या थंड थरावर बाष्प धरतं, आत अडकतं, आणि पॉलिश दुधाळ होतं. मग गणपतीला आलेले पाहुणे टेबलाकडे बघून "रंग दिलाय का?" असं विचारतात. पुण्यात या कामाला खरा मोसम दिवाळीनंतरचा. हवा कोरडी, ऊन सोसवेल असं, आणि घरात पाहुण्यांची ये-जा कमी. एप्रिल-मेही चालतो, पण तेव्हा स्पिरिट इतकं झटकन उडतं की नवख्याचा बोळा चिकटायला लागतो.

म्हणून कामाचे दोन भाग करू. गणपतीआधी टेबल दिसायला नीटनेटकं करायचं. खरी दुरुस्ती नंतर.

पण त्याहीआधी एक तपासणी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. टेबल खरोखर अख्ख्या सागवानाचं आहे की प्लायवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा? फळीच्या आखूड बाजूची कड बघा. वरच्या शिरा कडेवर येऊन तुटक ठिपक्यांसारख्या, लाकडाचा ओंडका कापल्यासारख्या दिसत असतील तर भरीव लाकूड. कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली असेल, किंवा वरची नक्षी आणि खालची नक्षी यांचा काही संबंधच नसेल, तर संशय घ्या. तुमच्या वर्णनावरून भरीव वाटतं. तरी बघाच. मी एकदा मावशीच्या ड्रेसिंग टेबलावर, सागवानी आहे असं समजून, अर्धा तास इमानेइतबारे घासत बसलो होतो. विनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. मध्येच खालचं प्लाय डोकावलं आणि मावशीने चहा विचारायचं बंद केलं.

दुसरी तपासणी पॉलिशची. मागच्या कडेला, भिंतीकडच्या बाजूला, कानात घालायच्या काडीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एका जागी हलकेच फिरवा. पॉलिश चिकट होऊन कापसावर तपकिरी रंग आला तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मधल्या काळात कुणीतरी मेलामाईनचं पॉलिश किंवा पीयू मारून घेतलंय. पुढचं सगळं मी लाख धरून लिहितोय. निकाल वेगळा आला तर थांबा आणि मला कळवा.

आता साफसफाई. हिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि थेट ओरखड्यांवर तुटून पडतात. अशा टेबलावर वर्षानुवर्षांचं तेल, हाताचा घाम, उदबत्तीची राख आणि कुणीतरी मारलेला फर्निचर स्प्रे यांचा एक थर बसलेला असतो. मऊ सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून, पिळून, थोडं थोडं क्षेत्र पुसत जा. फडकं काळंकुट्ट होईल, घाबरू नका. टर्पेंटाइन मेण आणि तेल काढतं, लाखेला हात लावत नाही. सोडा, अमोनिया असलेलं काचेचं क्लिनर किंवा भांड्यांचा काथ्या यांपैकी काहीही नको, क्षाराने लाख खराब होते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेलं नसू दे. एवढ्यानेच निम्मे ओरखडे नाहीसे झालेले मी पाहिलेत, कारण ते मुळात मळावरचे ओरखडे असतात.

पांढरं कडं आजही निघेल. गरम पातेल्याने पॉलिशच्या थरात बाष्प कोंडलंय, लाकूड खाली शाबूत आहे. जुन्या सुती पंचाची कोरडी चौपदरी घडी त्यावर ठेवा, इस्त्री अगदी कमी तापमानावर ठेवून तीन-चार सेकंद टेकवा, उचला, बघा. पुन्हा. पाच-सहा वेळा करावं लागेल. एकदाच दणकून टेकवली तर लाख मऊ होईल आणि पंचाचं विणकाम टेबलावर छापलं जाईल. वाफेची इस्त्री असेल तर पाणी काढून टाका.

समईच्या डागाला शंखजिरं. टर्पेंटाइनमध्ये कालवून इडलीच्या पिठाएवढं दाट करा, डागावर थापा, वर प्लास्टिक न झाकता रात्रभर सुकू द्या, सकाळी पुठ्ठ्याच्या तुकड्याने झटका. तेल पूडीत ओढलं जातं. दोन-तीन वेळा केल्यावर डाग बराच फिका होतो, पार जात नाही. घरात रांगोळी आहे म्हणून ती वापरू नका, ती खरखरीत असते आणि नवे ओरखडे पाडेल.

ओरखड्यांसाठी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडखळत नाही तो ओरखडा फक्त पॉलिशमध्ये आहे. अडखळतं तिथे लाकडाला इजा झालेली आहे. हातभर लांबीचा तुमचा ओरखडा पहिल्या जातीतला निघेल असं मला वाटतं, लांब ओरखडे सहसा उथळच असतात. कर्कटकाचे गोल दुसऱ्या जातीतले. गणपतीपुरतं, त्याच नातवाच्या दप्तरातला तपकिरी मेणखडू घ्या, लाकडाच्या रंगापेक्षा किंचित गडद. रेघेत घासून भरा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचं खरवडून काढा, फडक्याने चोळा. चार हातांवरून कुणाला दिसणार नाही. अक्रोडाचा गर घासा असं लोक सांगतात, तेही उथळ रेघेला चालतं. त्यातलं तेल रेघ गडद करतं एवढंच. महिन्याभरात ती पुन्हा वर येते.

एवढं झालं की टेबलावर चौरंग मांडा, खाली जाड सुती कापड घाला. प्लास्टिकचा पारदर्शक शीट अजिबात अंथरू नका. दहा दिवसांत तो लाखेला चिकटतो, आणि विसर्जनानंतर तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. समई ताटलीत, आणि ताटली कापडावर. हळद सांडली तर घासू नका, कोरडी झटका. उरलेला पिवळेपणा उन्हाने आपोआप उडतो. आणि सॅनिटायझरची बाटली या टेबलापासून दूर ठेवा. त्यात अल्कोहोल असतं, एक थेंब पडला तरी लाख विरघळते.

आता दिवाळीनंतरचं.

सामान रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळेल: चपडा, स्पिरिट, टर्पेंटाइन, मलमल, १२०, १८०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, थोडा गेरू, थोडी पिवळी माती. तयार पॉलिशची बाटली देऊ केली तर नको म्हणा. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख सहा महिन्यांनंतर बेभरवशाची होते, लावली तर दिवसेंदिवस चिकट राहते, आणि दुकानात बाटली कधीची आहे ते कळत नाही. साधारण साठ ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घाला. पत्र्याचा डबा नको, लोखंडाने रंग काळवंडतो. मधूनमधून बरणी हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. तुमच्या फळीला एवढं पुरून उरेल. एक थेंब काचेवर टाकून बघा, तासाभरात नखाला कडक लागला पाहिजे.

आधी सगळं मेण टर्पेंटाइनने काढा, मेणखडूचंसुद्धा, नाहीतर त्या जागी लाख धरणार नाही. मग ठरवा की जुनं पॉलिश खरवडायचं की नाही. माझं मत विचाराल तर नाही. लाखेची मजाच ही, की नवी लाख जुनीत विरघळून एकजीव होते. पीयूत तसं होत नाही, एक ओरखडा पडला की अख्खी फळी पुन्हा घासायची. जेवणाच्या टेबलाला मीच पीयू सुचवलं असतं. रोज गरम भांडी, सांडलेला रस्सा, ओलं फडकं हे लाखेला झेपत नाही. लिहायच्या टेबलाला लाख पुरेशी आहे. फर्निचरवाला "नव्यासारखं" म्हणतो ते खोटं नाही. पण मशीन फिरवून तो जी वरची लाल-तपकिरी कांती काढून टाकेल, ती यायला साठ वर्षं लागलीत आणि ती कुठल्या डब्यात विकत मिळत नाही.

उथळ ओरखडे असे जातील: मलमलीच्या बोळ्यावर नुसतं स्पिरिट, तेही इतकं कमी की गालाला लावलं तर फक्त गार लागावं. शिरांच्या दिशेने, विमान धावपट्टीवर उतरून न थांबता पुन्हा उडावं तसा बोळा टेकवत न्या. जुनी लाख किंचित वितळून रेघेत वाहते. दोन-तीन हात, मग तासभर थांबा. थांबणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे.

कर्कटकाचे गोल हे थोडे दबलेले आणि थोडे फाटलेले असतात. दबलेला भाग वर येऊ शकतो, कारण दबलेले तंतू वाफेने फुगतात. पण वाफेने त्या जागचं पॉलिश जाईल, तेव्हा तेवढ्याच रेघेवरचं पॉलिश आधी स्पिरिटने पुसून घ्या. ओल्या सुती चिंधीची पट्टी रेघेवर, त्यावर इस्त्रीचं टोक, सूं आवाज आला की उचला. दोन-तीनदा. पूर्ण दिवस वाळू द्या. जे उरेल ते फाटलेलं, ते भरावं लागेल. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरू नका. ते वाळल्यावर पॉलिश पीत नाही आणि कायमचं गडद दिसतं. जुने मिस्त्री खडूची पूड, घट्ट लाख आणि चिमूटभर गेरू-पिवळी माती कालवून लांबी (खाचा भरायचा लगदा) बनवायचे, ती वापरा. रंग जुळवताना लांबी ओली असताना बघा, वाळल्यावर ती फिकट होते आणि वर लाख चढली की पुन्हा ओल्यासारखी दिसते. भरून वाळली की लाकडी ठोकळ्याला २२० गुंडाळून फक्त तेवढीच जागा, फक्त शिरांच्या दिशेने. आडवा पेपर मारलेला दिवसा दिसत नाही. संध्याकाळी टेबल लॅम्प लावला की प्रत्येक रेघ ओरडते.

फळ्यांच्या जोडात बारीक फट असेल तर मात्र ती भरू नका. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात दिसणारी फट ऑगस्टमध्ये मिटलेली असते. तिच्यात लांबी ठासली तर पावसाळ्यात ती बाहेर ढकलली जाईल किंवा फळी दुसरीकडे तडकेल.

काळ्या वर्तुळाचं दुखणं वेगळं आहे. ओलं लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचा संयोग होऊन झालेली ती शाई आहे, खरीखुरी. पॉलिश पेपरने ती काढायला गेलात तर खड्डा पडेल. त्या जागेचं पॉलिश स्पिरिटने काढा, ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, वीस मिनिटांत डाग विरताना दिसेल. नंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. हे विष आहे. हातमोजे, चष्मा, स्वयंपाकाचं भांडं नाही, आणि नातू त्या दिवशी दुसरीकडे. वाळल्यावर तिथे घासायची वेळ आली तर मास्क लावा, राहिलेल्या स्फटिकांची धूळ नाकात जाऊ नये.

मुलाने केलेला चट्टा शेवटी ठेवलाय, कारण त्याचं निदान दोन मिनिटांत होतं. त्यावर टर्पेंटाइनचं बोट फिरवा. ओला असताना आजूबाजूच्या रंगात मिसळला, तर फक्त पॉलिश खरबडलंय आणि लाखेचे हात चढले की तो दिसणार नाही. ओला असूनही फिकट राहिला, तर जुनी कांती गेलीय. मग लाखेत अगदी थोडा गेरू मिसळून त्या जागेपुरते पातळ हात द्या, एका वेळी जेमतेम फरक कळेल इतके. गडद करत जाता येतं, फिकं करता येत नाही.

मग अख्ख्या फळीला लाख. तळहातात मावेल एवढा कापूस, वर सासऱ्यांचं एखादं जुनं धोतर असेल तर त्याचा तुकडा, नव्या कापडापेक्षा बरा, त्याला धागे सुटत नाहीत. कापसात लाख ओता, बोळा पिळून जास्तीची काढा. छोट्या गोलांत, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, मग लांब सरळ हात. बोळा फळीवर कधीही थांबवायचा नाही, थांबला की चिकटला. ओढायला लागला तर बोटाच्या टोकाने जवसाच्या तेलाचा एक थेंब बोळ्याला. एका दिवशी पाच-सहा पातळ हात पुरेत. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरचा पेपर अगदी अलगद, पुसून पुन्हा हात. तीन-चार दिवसांत अंग धरेल. आठवडाभर काही ठेवू नका, मग मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये मऊ करून चोळा. मेण गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा, गॅस बंद करून, आणि टर्पेंटाइन गॅसपासून दूर नेऊन घाला.

जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. गॅलरीत दोरीवर पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पायांवरच्या पुराच्या रेघेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिला हात लावू नका. १२ जुलै १९६१ चं पाणी कुठवर चढलं होतं हे दाखवणाऱ्या पाट्या पेठांत अजून सापडतात, घरातल्या लाकडावरची खूण मात्र दुर्मीळ. तिथे फक्त मेण. पण टेबल धरून हलवून बघा. त्या काळी सांधे सरसाने जोडत, आणि सरस पाण्यात सुटतो. पाय डुगडुगत असेल तर पॉलिशच्या आधी तो सांधा उघडून, जुना सरस गरम ओल्या फडक्याने काढून, पुन्हा चिकटवून घ्यायला हवा. हे एकटीने करू नका, सुतार बोलवा. खिळा मारू देऊ नका.

स्पिरिटच्या तपासणीचा निकाल कळवाल तेव्हा चट्ट्याचा फोटो पाठवा. वरून फ्लॅश मारून नको, दिवा बाजूला ठेवून, उजेड फळीवरून आडवा घसरेल असा काढा.